जॅझ गिटार ऐकताना तंबोरा विसरा

"जॅझ म्हणजे काय हो, आपली रागदारीच. तेही ऐनवेळी सुचेल ते वाजवतात." दादर असो की एनसीपीए, मैफिलीच्या मध्यंतरात हे ऐकू येतंच, आणि बोलणारा बहुधा चांगला कानसेन असतो. मग तो कुणाला तरी जॅझ गिटारची एखादी रेकॉर्ड विचारतो. सांगणारा हमखास जॉन मॅक्लॉफ्लिनच्या 'शक्ती' या जॅझ आणि भारतीय संगीत जुळवणाऱ्या बँडचं नाव घेतो, आणि घोटाळा पक्का होतो.

'शक्ती'च्या थोरवीबद्दल वाद नाही. पण १९७६ च्या त्या पहिल्या रेकॉर्डवर मॅक्लॉफ्लिनच्या गिटारला तरफा (आपोआप झंकारणाऱ्या जादा तारा) आहेत, सोबत झाकिर हुसेन यांचा तबला, विनायकराम यांचा घटम, एल. शंकर यांचं व्हायोलिन. जॅझमधलं जे आपल्या कानाला परकं, तेच नेमकं तिथे गाळलेलं. मुंबईची ही जुनी खोड आहे. १९५८ मध्ये अमेरिकन जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक इथे येऊन हलीम जाफर खाँ यांच्या सतारीबरोबर वाजवून गेला, १९७८ पासून रंगभवनात जॅझ यात्रा भरली, पण आपण कौतुक करत राहिलो ते दोन संगीतांच्या गळाभेटीचं.

रागाचं इथे सांगत बसत नाही. षड्ज, म्हणजे 'सा', एकदा लागला की मैफल संपेपर्यंत हलत नाही, एवढं ध्यानात ठेवा. ते उभे राहून वाजवतात, आपण बसून. त्यांच्यापुढे कागद असतो, आपल्यापुढे नसतो. यावर लेख लिहिणाऱ्यांनी लिहावेत.

खरी मेख ब्लूजच्या, म्हणजे जॅझच्या पायाशी असलेल्या एका साच्याच्या, एका आवर्तनात दिसते. बारा बार (बार म्हणजे ठोक्यांचा एक गट), प्रत्येकात चार ठोके, एकूण ४८. विलंबित एकतालाची मात्रा चार भागांत मोजणाऱ्याला हा आकडा ओळखीचा वाटेल, आणि इथपर्यंतचं साम्य खरंही आहे. पण एकतालात आवर्तनभर बदलतात ते तबल्याचे बोल. ब्लूजमध्ये तंबोराच, म्हणजे खालचा आधाराचा सूरच, जागा बदलतो. पहिले चार बार षड्जाची कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गुच्छ), पुढचे दोन मध्यमाची, दोन पुन्हा षड्जाची, नववा पंचमाची, दहावा मध्यमाची, शेवटचे दोन परत षड्जावर. वादक यात भरपूर भर घालतात, पण सांगाडा हाच.

आता तुम्ही षड्जावर न्यास करून, म्हणजे मुक्काम करून, बसलात असं धरा. चार बार मजेत जातात. पाचव्या बारला खाली मध्यम येतो आणि तुमचा तोच षड्ज आता त्याचा पंचम होतो. नवव्या बारला खाली पंचम येतो; आता तोच षड्ज त्याचा मध्यम, आणि तो टोचायला लागतो. तुम्ही जागचे हललाही नाहीत, तरी मुक्कामाचा सूर मुक्कामाचा राहिला नाही.

गंधाराचं आणखी मजेशीर. षड्जाच्या कॉर्डमध्ये शुद्ध गंधार असतो, आणि मध्यमाच्या कॉर्डला जॅझवाले जो चौथा सूर जोडतात तो नेमका कोमल गंधार. दोन्ही गंधार कानावर पडले की आपण 'जोग' म्हणून मोकळे होतो. पण जोगमध्ये कुठला गंधार घ्यायचा हे आरोह-अवरोह ठरवतात, इथे आवर्तनातली जागा. (ब्लूजवाले पहिल्या बारलाही कोमल गंधार घासतात, ती चव वेगळी.) तेव्हा सुचेल ते वाजवायचं खरं, पण पाचव्या बारला पाचव्या बारचं सुचायला हवं.

"मूर्च्छनाच की ही!" असं कुणीतरी म्हणतंच. नाही. मूर्च्छना, म्हणजे दुसऱ्याच सुराला 'सा' मानून गाणं, गायकाच्या मनात आलं तर होते, आणि तेव्हाही तंबोरा आपला जिथल्या तिथे. इथे दर आवर्तनाला, सगळ्यांना सक्तीने हलावं लागतं. माइल्स डेव्हिसचं 'सो व्हॉट' ऐकलेले लोक पुढे करतात की तिथे तर एकच थाट चालतो. चालतो, अगदी आपला काफी. पण ३२ बारांतले सतरा ते चोवीस हे आठ बार अख्खा काफी अर्ध्या सुराने वर सरकतो.

म्हणून माझी पहिली रेकॉर्ड ठरलेली आहे: 'द इन्क्रेडिबल जॅझ गिटार ऑफ वेस माँटगोमेरी', १९६०. त्यातलं 'डी-नॅचरल ब्लूज' लावा आणि बोटांवर बार मोजा. पहिल्यांदा गिटारकडे लक्षच देऊ नका, पर्सी हीथचा बास ऐका. तंबोरा कुठे सरकतोय ते तोच सांगतो. मग वेसकडे या. तो पिक (तार छेडायची चिपटी) न घेता अंगठ्याने वाजवतो. सहसा आधी एकेरी सूर, मग एकच सूर दोन सप्तकांत मिळून, मग भरघोस कॉर्ड. ही बढत ख्यालाच्या श्रोत्याला समजावून सांगावी लागत नाही. याच वेसच्या शेवटच्या वर्षांतल्या, वाद्यवृंदात बुडवलेल्या रेकॉर्डी मात्र कॅफेवाल्यांसाठी सोडून द्या.

दुसरी केनी बरेलची 'मिडनाइट ब्लू' (१९६३). पियानो नाही, त्यामुळे कॉर्डचं काम गिटारवरच पडतं. 'चिटलिन्स कॉन कार्ने'मध्ये तो एक वाक्य बोलतो आणि स्वतःच त्याखाली कॉर्ड ठेवतो.

तिसरी 'अंडरकरंट' (१९६२). जिम हॉलची गिटार, बिल एव्हान्सचा पियानो, बस्स. बास नाही, ड्रम नाहीत. इथे एकजण बोलत असताना दुसरा त्याच्याखाली जमीन अंथरतो, आणि 'माय फनी व्हॅलेंटाइन'मध्ये तर दोघं पळता पळता हे करतात. पहिल्या दोन पचल्याशिवाय ही लावू नका.

जो पासची 'व्हर्च्युओसो' नवख्याला देणाऱ्यांवर माझा राग आहे. १९७३ चं ध्वनिमुद्रण, एकटी गिटार, म्हणून सतारीच्या बैठकीसारखी वाटते आणि लोक खूश होऊन हातात ठेवतात. पण त्यात बासही तोच, कॉर्डही त्याच्याच, आणि सगळं इतक्या वेगात की नवा कान पुन्हा तंबोराच शोधत बसतो. ती चौथी किंवा पाचवी. 'शक्ती' त्यानंतर कधीही.