विश्वसनीयतेचं वर्गमूळ काढून सप्रमाणता मिळत नाही

एम.पी.एड.चे, म्हणजे शारीरिक शिक्षणातल्या पदव्युत्तर पदवीचे लघुशोधप्रबंध आणि पीएच.डी.चे प्रबंध माझ्याकडे तपासायला येतात. बहुतेकांच्या तिसऱ्या प्रकरणात एक मथळा ठरलेला असतो: ‘साधनांची विश्वसनीयता व सप्रमाणता’. मथळ्यात गोष्टी दोन, खाली परिच्छेद एक. ‘सदर चाचणी २० विद्यार्थ्यांवर आठ दिवसांच्या अंतराने दोनदा घेण्यात आली. सहसंबंध गुणांक ०.९४ आढळला. यावरून चाचणी विश्वसनीय व सप्रमाण असल्याचे सिद्ध होते.’ सहसंबंध गुणांक म्हणजे दोन वेळचे आकडे एकमेकांबरोबर किती चालतात ते सांगणारा आकडा, १ म्हणजे पूर्ण. पहिली दोन वाक्यं ठीक. तिसरं वाक्य ‘विश्वसनीय’ या शब्दापर्यंत ठीक. पुढच्या ‘व सप्रमाण’ला वरच्या दोन वाक्यांत काडीचा आधार नाही. तरी हे वाक्य एका प्रबंधातून दुसऱ्यात उतरत राहतं, कारण मागच्या वर्षीच्या प्रबंधात ते होतं आणि तो मंजूर झाला होता.

आधी शब्दाचं सांगते. चाचणीच्या आकड्यावरून आपण जे म्हणतो ते खरंच म्हणता येतं का, हा सप्रमाणतेचा प्रश्न. काही जण सप्रमाणतेला ‘वैधता’ म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. वैधता म्हटलं की आपल्याकडे जात वैधता प्रमाणपत्र डोळ्यांपुढे येतं: एकदा शिक्का मिळाला की जन्मभर पुरतो. चाचणीच्या बाबतीत नेमका हाच समज मोडायचा आहे, म्हणून मी ‘सप्रमाणता’च वापरते. त्यात ‘प्रमाण’ म्हणजे पुरावा आहे, आणि पुरावा मागायचा असतो.

विश्वसनीयता तुम्हा संशोधक विद्यार्थ्यांना येते, तिच्यावर फार वेळ घालवत नाही. तोच मुलगा, तीच चाचणी, तीच परिस्थिती, तर आकडा जवळपास तोच यायला हवा. एकच सुधारणा करा: पिअरसनच्या सहसंबंधावर, म्हणजे वर आलेल्या नेहमीच्या सहसंबंध गुणांकावर थांबू नका. पाच मुलांच्या ५० मीटर धावण्याच्या वेळा सोमवारी ८.२, ८.५, ८.९, ९.१ आणि ९.६ सेकंद आल्या. बुधवारी घड्याळ सुरू करायला उशीर झाला आणि प्रत्येकाची वेळ ०.४ सेकंदाने कमी भरली. एकाही मुलाचा आकडा जुळत नाही, तरी सहसंबंध पूर्ण १.०० येतो, कारण पिअरसन फक्त मुलांचा क्रम आणि त्यांच्यातली अंतरं पाहतो. इंट्राक्लास कोरिलेशन (एकाच गोष्टीच्या दोन मोजण्यांतला मेळ सांगणारा गुणांक) काढा, तेही आकडे प्रत्यक्ष जुळतात का हे पाहणाऱ्या प्रकारचं. सोबत ब्लंड आणि आल्टमन यांनी १९८६ मध्ये मांडलेला, प्रत्येकाच्या दोन मोजण्यांतल्या फरकांचा आलेख द्या. विश्वसनीयतेबद्दल एवढं पुरे.

आता ज्या एका जागी सगळे घसरतात तिथे येते.

प्रबंधांत हटकून दिसणारा एक प्रकार म्हणजे वर्गमूळ. विश्वसनीयता गुणांक ०.८१, त्याचं वर्गमूळ ०.९०, ‘म्हणून चाचणीची सप्रमाणता ०.९०’. हे सूत्र जुन्या संख्याशास्त्राच्या पुस्तकांतून आलं आहे आणि तिथे ते चूक नाही. मुलाला मिळालेला गुण आणि त्याच चाचणीवरचा त्याचा ‘खरा गुण’, म्हणजे मोजमापातली चूक वजा केल्यावर उरणारा गुण, यांच्यातला सहसंबंध ते वर्गमूळ सांगतं. खरा गुण त्याच चाचणीचा. ती चाचणी जे काही मोजत असेल, त्याचा. ती काय मोजते यावर सूत्र एक अक्षर बोलत नाही. फार तर एवढं कळतं की बाहेरच्या कुठल्याही निकषाशी, म्हणजे जिच्याशी चाचणी ताडून पाहायची अशा वेगळ्या मोजणीशी, या चाचणीचा सहसंबंध ०.९० च्या वर जाणं अपेक्षित नाही. ते छत आहे. छत दहा फुटांवर आहे म्हणून घरातला माणूस दहा फूट उंच ठरत नाही.

साधी आकडेमोड करून बघा. एकाहून लहान अपूर्णांकाचं वर्गमूळ त्या अपूर्णांकापेक्षा मोठंच येतं. म्हणजे या रीतीने प्रत्येक चाचणीची सप्रमाणता तिच्या विश्वसनीयतेपेक्षा जास्त निघणार, चाचणी कुठलीही असो. पट्टीने मुलांच्या पावलांची लांबी मोजा, आठ दिवसांनी पुन्हा मोजा, ०.९६ येऊ द्या. वर्गमूळ जवळजवळ ०.९८. आता वर नाव लिहा: ‘खो-खो कौशल्य चाचणी’. सप्रमाणता ०.९८! हे कोणीही मान्य करणार नाही. मग तीच आकडेमोड चाचणीचं नाव भारदस्त असलं की का मान्य करायची?

विश्वसनीयतेचा प्रश्न आकड्याला विचारायचा असतो: तू पुन्हा तसाच येशील का? सप्रमाणतेचा प्रश्न आपल्या निष्कर्षाला विचारायचा: या आकड्यावरून मी जे म्हणतो आहे, ते म्हणता येतं का? पहिल्याचं उत्तर तीच चाचणी पुन्हा घेऊन मिळतं. दुसऱ्यासाठी चाचणीच्या बाहेर जावंच लागतं. एकच दोरी शंभर वेळा मोजली तरी ती कशाची दोरी आहे ते कळत नाही.

सिट अँड रीच घ्या. १९५२ मध्ये वेल्स आणि डिलन यांनी मांडलेली ही चाचणी आज खेलो इंडियाच्या शालेय तंदुरुस्ती मापनातही आहे, त्यामुळे प्रत्येक शाळेच्या पी.टी.च्या सरांना ती पाठ आहे. पाय सरळ, तळवे खोक्याला टेकलेले, हात पुढे सरकवायचे. विश्वसनीयता उत्तम, तीच मुलगी उद्या बसवा, सेंटिमीटर दोन सेंटिमीटर इकडेतिकडे. पण ती मोजते काय? प्रबंधात लिहितात, ‘पाठीची व कमरेची लवचिकता’. या चाचणीच्या गुणांचा मांडीच्या मागच्या स्नायूंच्या लवचिकतेशी सहसंबंध मध्यम असतो आणि कमरेच्या मणक्यांच्या हालचालीशी अगदी कमी, हे पुन्हापुन्हा दिसलं आहे. शिवाय हातापायांच्या लांबीचं प्रमाण आकड्यात मिसळतं. आठवीतल्या मुलाचे पाय धडाच्या आधी वाढतात. त्या वर्षी त्याची बोटं खोक्यावर मागे राहतात, स्नायू जसेच्या तसे असले तरी. तो आकडा विश्वसनीय आहे. ‘याची लवचिकता कमी झाली’ हे विधान मात्र सप्रमाण नाही.

आपल्याकडच्या योगावरच्या संशोधनात यात आणखी एक गुंता असतो. आठ आठवड्यांचा आसनांचा कार्यक्रम, त्यात रोज पश्चिमोत्तानासन, आणि उत्तरचाचणीला, म्हणजे कार्यक्रम संपल्यावरच्या चाचणीला, सिट अँड रीच. पश्चिमोत्तानासन ही जवळजवळ चाचणीचीच स्थिती आहे. मुलांनी दोन महिने रोज चाचणीचा सराव केला आणि चाचणीत ती सुधारली, इतकंच त्यातून निघतं. ‘योगामुळे शरीराची लवचिकता वाढली’ असं म्हणायचं असेल तर खांद्याची, घोट्याची, कमरेची हालचाल वेगळी मोजा. योगाचा उपयोग होतो असं मलाही वाटतं. म्हणूनच तो सिद्ध करायला असा कच्चा पुरावा वापरलेला मला सहन होत नाही.

मला सगळ्यात जास्त खुपतो तो चपळतेचा घोळ, विशेषतः खो-खोतला. ‘खो-खो खेळाडूंच्या चपळतेचा अभ्यास’ असा विषय असतो आणि साधन असतं ४×१० मीटर शटल रन. दोन रेषा, दोन लाकडी ठोकळे. मुलगी धावते, ठोकळा उचलते, आणून ठेवते, पुन्हा जाते. कुठे वळायचं, किती वेळा वळायचं, हे शिट्टी वाजण्याआधीच तिला ठाऊक असतं. दिशा बदलण्याचा वेग त्यात छान मोजला जातो. पण २००६ मध्ये शेपर्ड आणि यंग यांनी चपळतेची जी व्याख्या दिली, तिच्यात एक अट आहे: वेग किंवा दिशेतला बदल हा समोरच्या उद्दीपकाला, म्हणजे समोरून मिळालेल्या इशाऱ्याला, दिलेला प्रतिसाद असला पाहिजे. शटल रनमध्ये उद्दीपक कुठला? ठोकळा जागचा हलत नाही.

आता मैदानावर या. संरक्षक धावते आहे. पाठलाग करणारीने एकदा दिशा घेतली की तिला मागे फिरता येत नाही आणि दोन बसलेल्या खेळाडूंच्या मधून पलीकडे जाता येत नाही. संरक्षकाला ही दोन्ही मोकळीक आहे. तिचा जीव या फरकात असतो. पाठलाग करणारीचा खांदा कुठे वळतोय, पुढचा खो कोणाला मिळेल, जिला मिळेल तिचं तोंड कुठल्या बाजूला आहे, हे पाहत ती हुलकावणी देते. आमच्या मैदानावर एक मुलगी यायची. शटल रनमध्ये कायम शेवटच्या तिघींत. सामन्यात मात्र तिला बाद करता करता प्रतिस्पर्धी संघाची दमछाक व्हायची, कारण खो निघायच्या आधीच ती निघालेली असायची. शटल रनचा तिचा आकडा दर वेळी जवळपास तोच यायचा, म्हणजे पूर्ण विश्वसनीय. त्या आकड्यावर निवड केली असती तर ती संघात आली नसती. हा घोळ प्रबंधाच्या कपाटात राहत नाही. तो निवड चाचणीच्या दिवशी मैदानावर उतरतो, म्हणून मी त्यावर एवढी बोलते.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘मॅडम, ही प्रमाणित चाचणी आहे.’ प्रमाणित कोणासाठी, कशासाठी? कूपरची १२ मिनिटांची धाव बघा. १९६८ साली कूपरने अमेरिकी हवाई दलातल्या ११५ पुरुषांवर ती घेतली आणि प्रयोगशाळेत ट्रेडमिलवर मोजलेल्या कमाल प्राणवायू ग्रहणक्षमतेशी सहसंबंध ०.८९७ आला. सप्रमाणतेचा हा भक्कम पुरावा, आणि बघा, तो चाचणीच्या बाहेर जाऊन आणलेला आहे. त्यातून सूत्र निघालं: मीटरमधल्या अंतरातून ५०४.९ वजा करा, ४४.७३ ने भागा. २४०० मीटरला ४२.४ (दर किलो वजनामागे मिनिटाला मिलिलिटर प्राणवायू). हेच सूत्र सातवीतल्या मुलींना लावून दशांशासह तक्ते छापतात. त्या मुली १२ मिनिटं गती सांभाळून धावायला शिकलेल्याच नसतात. पहिल्या फेरीत सुसाट, तिसऱ्या फेरीत चालत. हवाई दलातल्या पुरुषांसाठी मिळालेला पुरावा त्यांच्यापर्यंत आपोआप पोचत नाही. पायरी चढ-उतार करून हृदयाची क्षमता मोजणाऱ्या हार्वर्ड स्टेप टेस्टचंही तसंच. २० इंचांची पायरी चढताना बुटक्या मुलीच्या मांड्या आधी भरून येतात, हृदयाची परीक्षा बाजूलाच राहते.

पाच तज्ज्ञांच्या सह्यांचं पत्र जोडून ‘आशय सप्रमाणता’ (चाचणीत विषयाचा सगळा आशय आला आहे, हे तज्ज्ञांचं मत) दाखवण्याबद्दल इतकंच सांगेन की ती प्रश्नावलीला चालते. धावण्या-उडी मारण्याच्या चाचणीला निकष हवा.

आणि खो-खोत निकष शोधायला लांब जावं लागत नाही. सामन्याच्या गुणपत्रकावर प्रत्येक संरक्षक किती वेळ टिकली ते लिहिलेलं असतं. वर्तमानपत्रातल्या बातमीतही कंसात ‘२.१० मि. संरक्षण’ असं छापून येतं. जिल्हा स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात आपली चाचणी घ्या, मग स्पर्धेतल्या गुणपत्रकांवरून त्याच मुलींचा संरक्षणाचा वेळ काढा आणि दोन्हींचा सहसंबंध पाहा. एका सामन्यावर विसंबू नका. संरक्षक तुकड्यांनी मैदानात उतरतात. ताज्या दमाच्या संघासमोर पहिल्या तुकडीत उतरणारी आणि थकलेल्या संघासमोर तिसऱ्या तुकडीत उतरणारी यांचा वेळ सारखा मोलाचा नाही. तीन-चार सामन्यांची सरासरी घ्या आणि तुकडीची नोंद ठेवा.

दहा ते सतरा वर्षांच्या मुली एकाच तक्त्यात घालू नका. त्या वयात उंची, ताकद, वेग, खेळाची समज सगळं बरोबरच वाढतं, त्यामुळे कशाचाही कशाशीही सहसंबंध चांगला येतो. पावलांच्या लांबीचासुद्धा. एकाच वयोगटात आकडा काढला की तो खाली येईल. ०.९४ ऐवजी ०.५ च्या आसपास आला तरी तो तसाच लिहा आणि मार्गदर्शकांना दाखवा. मी परीक्षक असेन तर असा आकडा पाहून गुण कापणार नाही. चाचणी घेणाऱ्याला मात्र कोणती मुलगी कितीव्या तुकडीत खेळते हे माहीत नसावं, म्हणजे घड्याळ कोणाकडे झुकणार नाही. त्यासाठी दुसऱ्या तालुक्यातल्या शिक्षकाच्या हातात घड्याळ दिलं की काम होतं.