मचूळ पाण्याची साक्ष

जुलै 2025मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम जाहीर केले. दूषित जागा कशी ओळखायची आणि सफाईचा खर्च कोणाकडून घ्यायचा, याची चौकट त्यांत आहे. नियम हवेच होते. मात्र कचरा डेपो त्यांतून वगळले आहेत, कारण त्यांना घनकचऱ्याचे वेगळे नियम लागू होतात. त्यामुळे नागपुरात भांडेवाडीच्या कचरा डेपोजवळ राहणाऱ्यांना या बातमीचा थेट उपयोग नाही.

कायदा कुठलाही असो, जमिनीखाली काय पसरलंय ते आधी शोधावं लागतं. त्यासाठी पहिलं बोअर मारण्यापूर्वी तिथल्या रहिवाशांशी बोललं पाहिजे. त्यांच्याकडे खरीखुरी शास्त्रीय माहिती असते.

पावसाचं पाणी कचऱ्यातून झिरपताना क्षार, सेंद्रिय आम्लं, धातू असं बरंच काही सोबत घेतं. या काळपट द्रवाला लिचेट म्हणतात. जमिनीत शिरल्यावर त्यातले घटक वेगवेगळ्या वेगाने सरकतात. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून शिशासारखे धनभारित आयन त्यांना चिकटून मागे राहतात. क्लोराइड ऋणभारित असल्याने माती त्याला अडवत नाही. ते जवळपास पाण्याच्याच वेगाने पुढे जातं. या फरकाला मंदन गुणांक असं माप आहे. क्लोराइडसाठी तो साधारण 1 असतो, तर चिकणमातीत शिशासाठी शेकड्यांतही जाऊ शकतो. पण तो कायम राहत नाही. लिचेट आम्लधर्मी असेल तर हायड्रोजन आयन कणांवरची जागा बळकावतात आणि अडकलेला धातू पुन्हा पाण्यात सुटतो.

म्हणूनच ‘दोन वर्षांपासून विहिरीचं पाणी मचूळ लागतंय’ हे एखाद्या आजीचं वाक्य मोलाचं आहे. तो क्लोराइड पोहोचल्याचा इशारा असू शकतो, आणि धातू अजून वाटेत असतील.

नागपूरच्या पश्चिमेला बेसॉल्ट, पूर्वेला त्याहून जुने स्फटिकी खडक. दोन्हींत पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असतं. भेगेत धातूंना धरणारी माती कमी, आणि प्रत्येक विहिरीला पाणी वेगळ्या भेगेतून येऊ शकतं, त्यामुळे शेजारच्या दोन विहिरींचं पाणीही वेगळं निघतं. कोणी पंप सुरू केला की कोणाची विहीर उतरते, हे तिथे पाणी भरणाऱ्यांनाच ठाऊक असतं. त्या निरीक्षणांतून भेगांची दिशा कळते. हातात नारळ धरून फिरणाऱ्या पाणाड्याला ती कळत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं.

दुसरा भ्रम टीडीएस मीटरचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण घटकांचा अंदाज देणाऱ्या यंत्राचा. आकडा कमी म्हणजे पाणी शुद्ध, असं फिल्टर विकणारे सांगतात. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. तिच्या पाचपट शिसं असलं तरी टीडीएस वाढेल लिटरला जेमतेम 0.05 मिलिग्रॅमने, आणि मीटर दाखवतो पूर्णांक.

भांडेवाडीत बायोमायनिंगने, म्हणजे साठलेला कचरा उकरून वेगळा करण्याच्या पद्धतीने, जुना कचरा काढला गेला. अशा कामात वास येतो, धूळ उडते, आणि उघडा पडलेला ढीग पावसात भिजला की लिचेट वाढतं. काम केव्हा चालेल, वाऱ्याची दिशा कोणती, लिचेट कुठे साठवणार, हे वस्तीला आधी कळायला हवं. ‘मर्यादेच्या आत’ एवढा शेरा पुरेसा नाही. प्रत्येक विहिरीचा आकडा, शेजारी कायदेशीर मर्यादा, मागच्या उन्हाळ्याचा आणि पावसाळ्यानंतरचा आकडा, हे सगळं मराठीत वॉर्डाच्या फलकावर लागावं. आणि नमुने कोणत्या विहिरींतून घ्यायचे, त्या यादीत रहिवाशांनी सुचवलेल्या विहिरी असाव्यात.