तार तीच, पेटी वेगळी: टेलिफोन हायब्रिड आणि टेलिफोन कोडेक

बाहेरच्या ठिकाणाहून टेलिफोनच्या लाइनवर रेडिओ स्टुडिओला आवाज पाठवणाऱ्या या दोन्ही पेट्यांना मागे टेलिफोनचं तेच छोटं सॉकेट, पुढे माइक आणि हेडफोनच्या जागा. म्हणून जामठ्याच्या स्टेडियमवरून समालोचन पाठवायचं असो की दीक्षाभूमीवरून थेट प्रक्षेपण, ‘फोनची पेटी’ म्हणून हाताला येईल ती उचलली जाते. पण दोघींचं काम अगदी वेगळं आहे.

लँडलाइनच्या दोन तारांवरून जाणारा आणि येणारा आवाज एकत्रच वाहतो. हायब्रिड हे दोन आवाज वेगळे काढून मिक्सरला, म्हणजे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राला देतो, बस्स. आवाज सुधारणं त्याच्या हातात नाही. लाइन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच पुढे नेते आणि ‘स’, ‘श’ यांची बरीच ऊर्जा त्याच्या वर असते. भारी माइक लावला तरी आवाज फोनचाच येणार. लेव्हल वाढवून तर अजिबात उपयोग नाही; लाइनवर जोर दिला की आवाज फाटतो आणि शेजारच्या लाइनच्या तारांवर ऐकू जाऊ लागतो.

कोडेक लाइनवर आवाज पाठवतच नाही. तो आवाजाचे आकडे करतो, दाबून लहान करतो आणि आतल्या मोडेमने, म्हणजे फोनच्या लाइनवर आकडे धाडणाऱ्या यंत्राने पाठवतो. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो आवाजाला सेकंदाला ७६८ किलोबिट लागतात. लाइनवर २४ किलोबिट मिळाले तर आवाज बत्तिसाव्या हिश्शात बसवावा लागतो. तरीही यंत्र आणि वेग यांनुसार ७ ते १५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मिळतो. समोरचा माणूस खोलीतच बसलाय असं वाटावं इतका फरक पडतो. ‘५६ केचा (५६ किलोबिटचा) मोडेम का नाही?’ असं हमखास विचारलं जातं. तो वेग एक टोक थेट डिजिटल जोडणीवर असेल तरच, आणि एकाच दिशेने मिळतो. दोन साध्या लाइनींमध्ये व्ही.३४ या मोडेम-मानकाचे ३३.६ किलोबिट हीच कमाल.

ओळखायची खूण सोपी आहे: नंबर लागल्यावर किंचाळल्यासारखा आवाज आला तर कोडेक. हायब्रिडला समोर कुठलाही फोन चालतो. कोडेकला मात्र जोडीदार लागतो, तोही तीच पद्धत बोलणारा, शक्यतो त्याच कंपनीचा.

बिघाडही वेगळे. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरून खरखर आली तर हायब्रिडवर ती नुसती ऐकू येते, कार्यक्रम चालू राहतो. कोडेक मात्र पुन्हा जुळवाजुळव करायला लागतो आणि तोवर हवेत शांतता. म्हणून जोडणी २८.८ किलोबिटला झाली तरी वेग तिथे ताणू नये, २४ किंवा २१.६ ला बांधून टाकावा. कॉल वेटिंग आधीच बंद करून घ्यावं, कारण त्याची एक टिंग मोडेमला पुरते. त्याच लाइनवरचे समांतर फोन काढून ठेवावेत. ऑफिसच्या अंतर्गत फोनच्या डिजिटल एक्स्टेन्शनमध्ये पेटी खुपसू नये. मोडेम जळू शकतो. फॅक्सची लाइन मागावी, ती बहुधा थेट बाहेरची साधी लाइन असते.

कोडेकमध्ये आवाज काही शे मिलिसेकंद उशिरा पोचतो. निवेदकाच्या कानात त्याचाच आवाज परत आला की तो अडखळलाच. त्यामुळे स्टुडिओतून त्याचा आवाज वगळून बाकीचा कार्यक्रम परत पाठवायचा, म्हणजे मिक्स-मायनस. हायब्रिडलाही तो लागतो, पण वेगळ्या कारणाने: नाही दिला तर आवाज डब्यात बोलल्यासारखा होतो.

आता नवी अडचण. तांब्याच्या तारांची जोडी जाऊन बऱ्याच ठिकाणी फायबर आलंय. फायबरच्या डब्यातून निघणारं फोनचं सॉकेट दिसायला जुनंच असलं, तरी आत आवाज इंटरनेटच्या पाकिटांतून, म्हणजे डेटाच्या लहान तुकड्यांतून जातो. एखादं पाकीट हरवलं तर कानाला कळतही नाही; मोडेमची जोडणी मात्र तिथेच कोलमडते. अशा सॉकेटवर हायब्रिड नीट चालतो, कोडेक बेभरवशाचा. फायबर आहेच तर इंटरनेटवर चालणारा आयपी कोडेक न्यावा आणि हायब्रिड राखीव ठेवावा. टेलिफोन कोडेकवरच जायचं असेल, तर आदल्या दिवशी त्याच जागेवरून, त्याच वेळेला निदान अर्धा तास जोडणी धरून पाहावी. पाच मिनिटांच्या चाचणीत लाइनचं खरं रूप दिसत नाही.