तीन निरोप आणि सतरा वर्षं

डिसेंबर १९७८मध्ये रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. नेटवर्कवरच्या दोन संगणकांनी एकमेकांना आपली ओळख कशी पटवायची, हा त्याचा विषय. शेवटी दोघांनी एक कबुली देऊन ठेवली आहे: असल्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे निरोपांच्या देवघेवीच्या ठरलेल्या नियमांत, फार बारीक चुका राहतात, रोजच्या वापरात त्या दिसत नाहीत, तेव्हा त्या पकडण्याच्या पद्धती हव्यात. आकारिक तर्कशास्त्राने प्रोटोकॉल तपासण्याच्या उद्योगाची सुरुवात मी तरी इथूनच धरतो. गंमत अशी, की त्यातली सगळ्यात गाजलेली चूक त्याच लेखात दडली होती.

सार्वजनिक चावी (तिने कुणीही कुलूप लावावं, उघडायची किल्ली मात्र मालकाकडेच) वापरणारा त्यांचा प्रोटोकॉल, चाव्या मिळवण्याचा भाग वगळला, तर तीन निरोपांचा आहे. इंग्रजी पुस्तकांत ॲलिस आणि बॉब असतात, आपण अलका आणि बबन म्हणू. अलका एक नवाकोरा आकडा आणि आपलं नाव बबनच्या चावीने कुलूपबंद करून पाठवते. बबन तो आकडा आणि सोबत स्वतःचा एक आकडा अलकाच्या चावीत बंद करून परत धाडतो. अलका बबनचा आकडा त्याला परत करते. ज्याच्याकडे उघडायची किल्ली तोच आकडा वाचू शकणार, म्हणजे दोघांची खात्री पटली. वाचून कुणीही मान डोलवेल.

त्याच लेखातल्या दुसऱ्या, सामायिक चावीच्या (दोघांकडे एकच गुप्त चावी) प्रोटोकॉलमधली त्रुटी डेनिंग आणि साको यांनी १९८१मध्ये दाखवली: जुनी, फुटलेली चावी पुन्हा खपवता येत होती. १९८३मध्ये डॅनी डोलेव्ह आणि अँड्र्यू याव यांनी हल्लेखोराचीच गणिती व्याख्या केली. तो प्रत्येक निरोप अडवू शकतो, बदलू शकतो, नवा घुसडू शकतो. फक्त किल्लीशिवाय कुलूप उघडू शकत नाही. गणिताला धरायला काहीतरी मिळालं ते इथे.

१९८९मध्ये मायकेल बरोज, मार्टिन अबादी आणि स्वतः नीडहॅम यांनी ‘बॅन’ तर्कशास्त्र मांडलं. नावातली अक्षरं तिघांच्या आडनावांची. ‘अमका अमुक मानतो’, ‘तमक्याने अमुक म्हटलं होतं’, ‘हा आकडा ताजा आहे’ अशी विधानं आणि त्यांच्यावर चालणारे थोडेसे नियम. कागद-पेन्सिलीने पानभरात काम होई आणि डिजिटल ओळखपत्रांच्या एक्स.५०९ या मानकातले दोष त्यातून सापडलेही. मात्र वरचे तीन निरोप त्या चाळणीतून सहीसलामत सुटले. बोलणी करणारे दोघंही सरळमार्गी आहेत, हे त्यात आधीच धरलेलं होतं.

१९९५मध्ये गॅव्हिन लो यांनी तिसरा माणूस आणला. त्याला मन्या म्हणू. मन्या बाहेरचा चोर नाही. त्याची स्वतःची रीतसर चावी आहे आणि अलका त्याच्याशी आपणहून बोलणं सुरू करते. मन्या तिचा निरोप उघडतो, बबनच्या चावीत पुन्हा बंद करतो आणि अलकाच्या नावे पुढे ढकलतो. बबनचं उत्तर मन्याला उघडत नाही, पण उघडायची गरजच काय? ते जसंच्या तसं अलकाकडे जातं. ती आपला आकडा ओळखते, दुसरा आकडा मन्याचा समजून त्याच्या चावीत बंद करून त्याला पाठवते, आणि बबनचं गुपित मन्याच्या हातात पडतं. बबन मात्र अलकाशीच बोलतोय या समजुतीत. सतरा वर्षं हे कुणाला दिसलं नाही. उपाय एका शब्दाचा: दुसऱ्या निरोपात बबनने आपलं नाव घालायचं. पुढच्या वर्षी लो यांनी एफडीआर हा मॉडेल चेकर (सगळ्या शक्यता एकेक करून तपासणारा प्रोग्रॅम) लावून दाखवलं, की यंत्र हा हल्ला स्वतः शोधून काढतं.

तिथून माणसाच्या नजरेवरचा भरवसा उडाला. लॉरेन्स पॉल्सन यांनी इझाबेल या सिद्धता तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सिद्धता रचल्या, २००१मध्ये प्रोटोकॉल आपोआप तपासणारं ब्रुनो ब्लांशे यांचं प्रोव्हेरिफ आलं, २०१२मध्ये त्याच जातीचं टॅमरिन.

सिद्धता झाली तरी जे विचारलंच नाही त्याचं उत्तर मिळत नाही. वायफायच्या डब्ल्यूपीए२ या सुरक्षा मानकातली चार निरोपांची देवघेव सुरक्षित असल्याचं सिद्ध झालं होतं. २०१७मध्ये मॅथी व्हॅनहूफ यांनी तिसरा निरोप पुन्हा पाठवायला लावून यंत्राला तीच चावी नव्याने बसवायला भाग पाडलं, आणि त्यामुळे कुलूपबंद मजकूर उकलता येऊ लागला. चावी गुप्तच राहिली, सिद्धताही खोटी ठरली नाही. चावी कधी बसवायची, याबद्दल तिच्यात अवाक्षर नव्हतं.

ब्राउझर आणि सर्व्हरमधलं बोलणं कुलूपबंद करणारा टीएलएस १.३ हा प्रोटोकॉल मात्र मसुद्यात असतानाच तपासायला दिला गेला. २०१६मध्ये कास क्रेमर्स आणि सहकाऱ्यांना टॅमरिनने एक हल्ला काढून दिला: ग्राहक स्वखुशीने एका सर्व्हरशी जोडला जातो आणि तोच सर्व्हर त्याच्या नावाने दुसऱ्या सर्व्हरकडे जाऊन बसतो. मन्याच तो. या वेळी तो ऑगस्ट २०१८मध्ये मानक प्रसिद्ध होण्याआधीच सापडला.