'इबिड.' आणि 'ऑप. सिट.': पुनरुक्त संदर्भांच्या लॅटिन खुणांची पार्श्वभूमी

एकाच ग्रंथाचा दाखला तळटिपांमध्ये पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, तेव्हा दर खेपेस पूर्ण तपशील लिहिण्याऐवजी काही लॅटिन संक्षेप वापरण्याची प्रथा पडली. 'इबिड.' हे 'इबिडेम'चे लघुरूप असून त्याचा अर्थ 'त्याच ठिकाणी', म्हणजे संस्कृतातले 'तत्रैव'. 'ऑप. सिट.' म्हणजे पूर्वी उल्लेखिलेल्या ग्रंथात, तर 'लॉक. सिट.' म्हणजे पूर्वी उल्लेखिलेल्या नेमक्या स्थळी.

युरोपात अनेक शतके विद्वानांचे लेखन लॅटिनमध्येच होत असे, आणि महागड्या चर्मपत्रावर मजकूर उतरवणारे लेखनिक जागा व श्रम वाचवण्यासाठी शब्द आखडते घेत. पुढे विद्वत्तेची भाषा बदलली, तरी संदर्भांच्या खुणा लॅटिनच राहिल्या. फ्रेंच विचारवंत पिएर बेलच्या 1697 मधील चिकित्सक कोशात टिपांनी मूळ मजकुरापेक्षा अधिक जागा व्यापली. इंग्रज इतिहासकार एडवर्ड गिबनच्या रोमविषयक इतिहासाचा पहिला खंड 1776 मध्ये निघाला, तेव्हा टिपा ग्रंथाच्या शेवटी होत्या. वाचताना सारखी पाने उलटावी लागतात, अशी तक्रार तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने प्रकाशकाकडे केली आणि नंतरच्या आवृत्तीत त्या पानाच्या तळाशी आल्या.

ही तक्रार मला फार मोलाची वाटते, कारण 'इबिड.'चा सारा अर्थ जागेवर अवलंबून आहे. चौदाव्या टिपेत ग्रंथाचे नाव आणि तिच्याच खाली पंधराव्या टिपेत 'इबिड., पृ. 62' असेल, तर नजर एक ओळ वर गेली की काम होते. पण दुरुस्ती करताना या दोहोंमध्ये दुसऱ्याच ग्रंथाची टीप घातली गेली, तर तोच 'इबिड.' कसलीही चाहूल न देता चुकीच्या ग्रंथाकडे बोट दाखवू लागतो. संगणकावर टिपांची सरकवासरकव सोपी झाल्यापासून हा धोका वाढला आहे. 'ऑप. सिट.'ची अडचण याहून मोठी: मूळ नोंद शंभर पाने मागे असू शकते, आणि एकाच लेखकाचे दोन ग्रंथ वापरले असतील तर त्यांपैकी कोणता, हे कळतच नाही.

या खुणांना पर्याय असलेल्या, लेखक आणि वर्ष कंसात देण्याच्या पद्धतीचा उगम बहुधा प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या 1881 मधील गोगलगायीवरील शोधनिबंधापर्यंत नेला जातो. लेखन-संपादनाचे नियम सांगणाऱ्या अमेरिकी शिकागो शैलीपुस्तिकेने 2017 च्या सतराव्या आवृत्तीत 'इबिड.'ऐवजी आडनाव व संक्षिप्त शीर्षक देण्याची शिफारस केली. अमेरिकी कायदेविषयक लेखनात 'आयडी.' ('इडेम', म्हणजे 'तोच') ही लॅटिन खूण अजून टिकून आहे; मात्र आधीच्या तळटिपेत एकाहून अधिक संदर्भ असतील, तर ती वापरता येत नाही.