एरिथ्राइटचा गुलाबी रंग सोमलाचा नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात दगडांच्या हौशी मंडळींकडून एरिथ्राइट या विरळ खनिजाविषयी दोन गोष्टी वारंवार ऐकू येतात: त्याचा किरमिजी-गुलाबी रंग आर्सेनिकचा असतो आणि ते भूगर्भाच्या खोल उष्णतेत तयार होते. दोन्ही समज चुकीचे आहेत.

पहिल्या समजाचे मूळ बहुधा औषधी दुकानातल्या हरताळ व मनशिळेत असावे. त्या आर्सेनिक आणि गंधकाच्या संयुगांना पिवळा व तांबडा रंग असतो. मात्र खुद्द सोमल, म्हणजे आर्सेनिकचे ऑक्साइड, पांढरा आहे. एरिथ्राइट हे कोबाल्ट या धातूचे जलयुक्त आर्सेनेट (आर्सेनिक व ऑक्सिजनचा गट असलेले संयुग) असून त्याच्या सूत्रात कोबाल्टचे ३ अणू, आर्सेनेटचे २ गट आणि पाण्याचे ८ रेणू येतात. कोबाल्टच्या जागी निकेल आले की तशाच रचनेचे ॲनाबर्गाइट मिळते आणि ते हिरवे असते, म्हणजे आर्सेनेट तेच राहूनही रंग बदलतो; गुलाबी रंग कोबाल्टचा आहे.

निर्मितीचे म्हणाल तर कोबाल्टाइट, स्कुटेरुडाइट यांसारखी कोबाल्ट व आर्सेनिक असलेली खोलवरची धातुके पृष्ठभागाजवळ येऊन हवा व झिरपत्या पाण्याच्या संपर्कात आली की त्यांचे ऑक्सिडीकरण होते आणि फटींत एरिथ्राइटचा पातळ थर किंवा सुईसारखे स्फटिक साचतात. मोरोक्कोतील बू अझेरचे नमुने यासाठी प्रसिद्ध आहेत. काठिण्य मोहस मापनावर (१ ते १०) जेमतेम १.५ ते २.५, त्यामुळे नखानेही ओरखडा उठू शकतो. तरी तो काढू नये, कारण भुकटी विषारी असते.

आपल्याकडच्या जांभ्याचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडांमुळे असतो. त्यात कोबाल्ट शोधण्यात अर्थ नाही.