शाळेची किल्ली कोणाकडे आहे?

वैनगंगा फुगली की काठावरच्या गावात आधी शोध सुरू होतो तो जिल्हा परिषद शाळेच्या किल्लीचा. 'तात्पुरते निवारा केंद्र' हे नाव तहसीलच्या कागदावर. गावात म्हणतात, 'शाळेत नेलं.' बाकं भिंतीला लागतात, सतरंज्या पडतात, पोषण आहाराच्या गंजात खिचडी शिजते. पडवीत धानाची पोती आणि पोत्यांना टेकून बसलेल्या म्हाताऱ्या. ढोरं कुठं बांधायची, हे मात्र कोणी सांगत नाही.

शाळेचा हा मान तसा अलीकडचा. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या आणि पुढच्या काळात गावोगाव शाळेच्या पक्क्या इमारती उभ्या राहिल्या. त्याआधी देवळाचा सभामंडप, नाहीतर उंचावरचा मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा वाडा. तिथं शिरायचं तर मालकाची मर्जी लागे. सरकारनं निराधारांच्या आसऱ्याचा लेखी विचार केला तो पुरासाठी नाही, दुष्काळासाठी. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर नियमावल्या तयार झाल्या. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत मध्य प्रांत-वऱ्हाडात त्यांनुसार मदतीची कामं निघाली, अनाथ-अपंगांसाठी अन्नगृहं उघडली. त्या नियमावल्यांत चाऱ्याचाही विचार होता. दुष्काळात जनावरांची छावणी हा शब्द आपल्या कानाला सरावलेला आहे. पूरछावणी कधी ऐकली आहे?

विदर्भात पुराचं नाव काढलं की मोवाड आठवतं. 30 जुलै 1991 ला वर्धा नदी नरखेड तालुक्यातल्या या गावात शिरली आणि 204 माणसं गेली. तिथं प्रश्न चार रात्रींच्या आसऱ्याचा उरलाच नव्हता, गावच नव्यानं वसवावं लागलं.

गाव वसवण्याचा अनुभव विदर्भाला त्याआधीही होता, तोही परक्या माणसांसाठी. पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं तेव्हाच्या चांदा (आताच्या चंद्रपूर-गडचिरोली) जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात वसवली गेली. चामोर्शी-मुलचेरा भागातल्या बाजारात आजही बंगाली कानावर पडते. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ 1972 पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तात्पुरतं म्हणून आलेल्यांची नातवंडं आता इथलीच. या लोकांना राहायला जागा मिळाली तशी कसायला जमीनही मिळाली, माझ्या मते फरक तिथंच पडला.

पूरग्रस्ताचं उलट असतं. त्याची जमीन पाण्याखाली असते, पण असते; म्हणून त्याचा जीव तिकडेच. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणं आणली. गावाबाहेर पडायचा निरोप आता कोतवालाच्या दवंडीऐवजी व्हॉट्सॲपवर येतो. कपडे-भांड्यांच्या मदतीला घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात असण्याची अट आली. दीड दिवसात ओसरलेल्या पाण्यानं मातीची भिंत बसली तर वेगळा पंचनामा, वेगळी फाइल.

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं, खाली गोसीखुर्द धरणाचे 33 दरवाजे उघडावे लागले आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली चारही जिल्ह्यांत वैनगंगा गावांत शिरली. ब्रह्मपुरी तालुक्यात माणसं नावेतून काढावी लागली. कोरोनामुळे शाळा आधीच बंद होत्या, म्हणून वर्ग रिकामे होते खरे. पण एका वर्गात माणसं किती झोपवायची, हा नवाच पेच.

जुना पेच होता तसाच राहिला. बायका-मुलं शाळेत पोचतात आणि प्रत्येक घरचा एक माणूस मागं राहतो. गोठ्यात पाणी घोट्याला लागलं की तो दावी कापतो, म्हशींना टेकाडाकडे हाकलतो आणि तणसाचा एक भारा डोक्यावर घेऊन त्यांच्या मागं जातो. शाळेतल्या नोंदवहीत त्याचं नाव येत नाही.